पट्ट्यांच्या ट्रेवर ठेवलेली माळ

मॅडम, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, सुटले. आता या मला काही विचारणार नाहीत. एवढं वाटलं आणि मी फोन तसाच कानाला धरून ओट्याला टेकून खाली बसले. पलीकडून ऑफिसातले क्लार्क सांगत होते, "मंगलताई, ऐकताय ना? सकाळीच अ‍ॅटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नाही." मी नुसतं हं हं करत होते आणि मला माझीच भीती वाटत होती. माणूस गेल्यावर सुटल्यासारखं वाटतं, असली बाई आहे मी!

तुमचा तेरावा होऊन गेला. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही एवढी वर्षं त्यांच्या लॅबमध्ये होता, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या." बाकीचे तुमचे शोधनिबंध लिहितील, तुम्ही कुठकुठे भाषणं दिली ते लिहितील. मी बारावी झालेली लॅब असिस्टंट. मला लिहिण्यासारखं एकच माहीत आहे आणि ते स्मरणिकेत छापतील असं काही वाटत नाही. कर्जतकडच्या त्या विहिरीवर पाणी तपासायच्या आपल्या पट्ट्या चुकल्या, त्या माझ्यामुळे. तुम्ही दोन महिने त्याचं कारण शोधत होता. कारण मला ठाऊक होतं.

लिहिलं बाई एकदाचं. पण मागे तुमच्या खुर्चीत बसून तुम्हीच वाचताय असं वाटतंय. ती खुर्ची मी अजून पुसलेली नाही. हात लावायची हिंमत होत नाही.

तुम्हाला आठवतं, पहिल्या वर्षी आपल्याकडे काहीसुद्धा नव्हतं? तुम्ही मला पेन्सिली आणायला पाठवलंत, खोकाभर. मला वाटलं, प्राध्यापकबाई शाळेतल्या पोरांना वाटणार असतील. तर तुम्ही ब्लेड हातात दिलंत आणि म्हणालात, "लाकूड तासून काढ, आतलं शिसं मोडू नकोस. हेच आपले इलेक्ट्रोड." मी निम्मी शिसं मोडली. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. तासलेलं लाकूड बंबात घालायला मी घरी न्यायचे आणि नवरा विचारायचा, कॉलेजात सुतारकाम करतेस का गं?

तुम्ही ओरडणाऱ्या असता ना, तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला सांगून टाकता येतं. दोन शिव्या खाल्ल्या की मोकळं. तुम्ही नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं. पुन्हा करू." ते "पुन्हा करू" ऐकलं की मी मुकाट्यानं नवं ब्लेड काढायचे.

पेन्सिलीवरून पट्ट्यांवर यायला किती वर्षं गेली! गावात गेलं की तुम्ही बायकांना समजावून सांगायच्या, शुगर बघायची पट्टी असते ना, तिचीच ही बहीण. ती रक्तातली साखर बघते, ही पाण्यातलं औषध बघते. शेतात फवारतो ते औषध. पट्टीच्या टोकाला एन्झाइमचा थेंब वाळवलेला असतो. चांगल्या पाण्यात तो आपलं काम करत राहतो आणि मशीनवर रेघ वर जाते. पाण्यात औषध असलं की तो गळपटतो आणि रेघ खाली बसते. एक म्हातारी म्हणाली होती, "म्हंजी मानसावानीच की!" तुम्ही त्यावर केवढ्या हसला होतात. परतताना गाडीत मला म्हणालात, "मंगल, मी वीस पानं लिहिली, त्या आजींनी तीन शब्दांत सांगितलं." तिकडे तुम्हाला पट्टीवाल्या बाई म्हणायला लागले, तेही तुम्हाला आवडायचं. पुरस्काराची शाल कपाटात घडी करून पडलेली, पण पट्टीवाल्या बाई म्हटलं की कान टवकारायच्या.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, खंडेनवमीला. आमच्या घरी त्या दिवशी विळाखुरप्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्याची पूजा होते. मग वर्षभर राबणाऱ्या मशीनला दोन फुलं वाहिली तर काय बिघडतं? तुम्ही म्हणायच्या, "हळदकुंकू लावलंस तर पुढं वर्षभर रीडिंगमध्ये हळद दिसेल. उदबत्ती तर या खोलीत आणायचीच नाही." मी तोंड फुगवून बसायचे. शेवटी तुम्हीच अडगळीतला एक बंद पडलेला जुना मीटर काढून दिलात. "घे, हा तुझा देव. याला काय लावायचं ते लाव." मी त्याला गंध लावून, फुलं वाहून, नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटायचे. तुम्हीही खायच्या, आणि जास्तीचा तुकडा मागून घ्यायच्या.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. आजवर गावात नुसती माहिती सांगायला जायचो; यंदा पट्ट्या पहिल्यांदाच खऱ्या विहिरींवर जाणार होत्या. तुमची एवढ्या वर्षांची मेहनत त्या एका ट्रेमध्ये ओळीनं मांडून वाळत ठेवलेली. आदल्या दिवशी तुम्ही त्यातल्या काही तपासून पाहिल्या होत्या, सगळ्या ठणठणीत. माझ्या मनात आलं, बंद मीटरला पूजायचं आणि ज्याच्यावर सगळी मदार आहे त्याला नाही, हे काही खरं नाही. तुम्ही पाच वाजता घरी गेलात. मी ट्रेचं झाकण काढलं आणि झेंडूची माळ त्या पट्ट्यांवर आडवी ठेवली. हात जोडले. म्हटलं, बाईंच्या हाताला यश दे. पाच मिनिटांत माळ उचलली, झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी ओळीओळीनं पाकिटं भरून वर नंबर घातले.

फुलं बेलापूरची, माझ्या भावाच्या मळ्यातली. देताना तो म्हणाला होता, "कालच औषध मारलंय, हात धू नीट." सुकू नयेत म्हणून मी त्यांच्यावर पाणी शिंपडलं होतं. मॅडम, मी हात धुतले होते. हात तेवढे धुतले.

विहिरीवरचा तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. दोन भावांची सामाईक विहीर. थोरल्या पोपटरावांनी घोडेगावच्या बाजारातून आणलेली गाय तोंडाला फेस येऊन मेली होती आणि त्यांना पाण्याचा संशय होता. धाकटा भाऊ ऊसतोडीला गेलेला. त्याची बायको हिराबाई, दोन पोरं आणि कांद्याचा एवढासा तुकडा, एवढंच घरी. तुम्ही सगळ्यांना बजावलंत की आज नुसती चाचणी आहे, पक्कं काय ते पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट सांगेल. एक पट्टी शुद्ध पाण्यात घातलीत. रेघ वर गेली. चार पट्ट्या विहिरीच्या पाण्यात घातल्यात. चारी वेळा रेघ खाली बसली.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हाय! पान्यात इख हाय!" आणि सगळ्या माना हिराबाईकडे वळल्या. चार दिवसांपूर्वी तिनं कांद्यावर फवारणी केली होती, ते सगळ्यांनी पाहिलेलं. "हिनंच हिरीवर पंप धुतला," पोपटराव म्हणाले. ती बिचारी पदर तोंडात धरून सांगत होती, "म्या न्हाई धुतला वो! घरी नेऊन धुतला, लेकरांची आन. इचारा त्यास्नी." पोरांना कोण विचारतंय? तुम्ही "अहो थांबा, ऐका" म्हणत राहिलात. आपली गाडी वळेपर्यंत दोघा जणांनी हिराबाईच्या मोटारीची वायर ओढून काढली होती. तिची पाण्याची पाळी बंद. गाडीत तुम्ही त्या चार रेघा पुन्हा पुन्हा बघत होता. मी मात्र मनातून खूश होते, पट्टीनं विष पकडलं म्हणून. 

तीन आठवड्यांनी पुण्याचा रिपोर्ट आला. त्याच दिवशी, त्याच बादलीतून भरलेल्या बाटलीचा. पाण्यात काहीच सापडलं नव्हतं. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि ट्रेमधल्या उरलेल्या सगळ्या पट्ट्या काढायला सांगितल्यात. दोन दिवस त्या एकेक करून शुद्ध पाण्यात तपासल्या. आलेख कागदावर प्रत्येक पट्टीची जागा आखून, जी चांगली तिथं टिंब आणि जी मेलेली तिथं फुली. मी नंबर वाचून दाखवत होते, तुम्ही फुल्या मारत होता. निम्म्यावर आलो तेव्हा मी एकच नंबर दोनदा वाचला. फुल्या ट्रेच्या एका बाजूनं निघून, मध्ये झोल घेऊन, दुसऱ्या बाजूला जात होत्या. वरच्या-खालच्या कडेच्या ओळी सगळ्या चांगल्या. गावात तुम्ही शुद्ध पाण्यात घातलेली ती पट्टी कडेच्याच ओळीतली, आणि विहिरीच्या पाण्यातल्या चारी मधल्या. कागदावर माझी माळ उमटली होती, मॅडम. जशीच्या तशी.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, "मंगल, हे काय असेल गं?"

आणि मी म्हणाले, "काय माहीत मॅडम. पंख्याचा वारा लागला असेल."

का बोलले असेन मी असं? दर जूनमध्ये माझी नेमणुकीची ऑर्डर तुमच्या सहीनं निघते, ती भीती होतीच. पण खरं सांगू? तुम्ही एका शोधनिबंधाच्या शेवटी माझं नाव छापलं होतं, आभाराच्या ओळीत. मला वाचून दाखवताना म्हणाला होतात, "मंगलचा हात स्वच्छ आहे, म्हणून माझे आकडे स्वच्छ आहेत." ते पान मी घरी काचेत लावलंय. ते उतरवावं लागेल, या भीतीनं तोंडून पंख्याचं निघालं.

मग तुम्ही पंख्याच्या मागे लागलात. पंखा काढला, पट्ट्या पुन्हा केल्या, चांगल्या आल्या. पंखा लावून केल्या, चांगल्याच आल्या. फ्रिज बदलला, ट्रे बदलला, पट्ट्या छापायची शाई बदलली. पट्ट्या चांगल्या आल्या की तुमचा चेहरा आणखी उतरायचा, कारण चूक कुठं झाली ते काही सापडत नव्हतं. गावोगाव पट्ट्या न्यायचा कार्यक्रम तुम्ही रद्द केलात. पाठवलेला निबंध परत मागवून घेतलात. आणि एक दिवस दोन्ही हात माझ्यापुढं धरून विचारलंत, "हल्ली माझे हात थरथरतात का गं? थेंब घालताना तुला काही दिसतं का?"

मी म्हणाले, "नाही हो मॅडम, काहीतरीच तुमचं."

तिथं तरी तोंड उघडायचं होतं की नाही, भवाने? समोर बाई स्वतःच्या हातांवर संशय घेतेय आणि तू खाली मान घालून काचा पुसतेस! रोज ठरवायचे, आज सांगते. रोज तुम्ही दारातून आत आलात की मी बाटल्या विसळायला उठायचे. दोन महिने असे गेले आणि मग तो फोन आला.

सुटले म्हणाले ना मी? कसलं सुटणं! तुम्ही असताना निदान एका माणसाची भीती होती. आता सगळ्याचीच वाटते. तुमच्या ड्रॉवरमध्ये तो फुल्यांचा कागद आहे, कुणी नवीन बाई येतील, त्यांच्या चटकन लक्षात येईल. तुम्हालाही ते लक्षात आलं होतं का, हा विचार तर मला बसू देत नाही. कधी वाटतं, तुम्हाला कळलं होतं आणि मी सांगेन म्हणून वाट बघत होता. कधी वाटतं, छे, माझ्यावर संशय घेणं तुम्हाला सुचलंच नाही. यातलं जास्त वाईट कोणतं, तेही मला ठरवता येत नाही.

तेराव्यानंतर मी बेलापूरला गेले. भावाला म्हटलं, खंडेनवमीला मारलं होतंस तेच औषध एका वाफ्याला मार आणि उद्या मला फुलं तोडून दे. तो म्हणाला, "आता कोनता सण काढलास गं?" दुसऱ्या दिवशी माळ केली, पाणी शिंपडलं, लॅबमध्ये येऊन तुमच्या शेवटच्या चांगल्या पट्ट्यांवर पाच मिनिटं ठेवली. मशीन लावताना तुमचा आवाज कानात येत होता, घाई नको, बुडबुडा येऊ देऊ नको. कडेची पट्टी घातली, रेघ वर. माळेखालची घातली, रेघ खाली. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या खाली.

मॅडम, पट्टी चुकली नव्हती. औषध होतं. विहिरीत नव्हतं, माझ्या माळेवर होतं. फुलावरून ठिबकलेल्या पाण्यातलं औषधसुद्धा तुमच्या पट्टीनं पकडलं. तुमचं काम बरोबर होतं, तुमचे हात बरोबर होते, आणि आपलं काम फसलं असं समजून तुम्ही गेलात. तेव्हा मी रडले. मशीन चालू होतं आणि मी ओक्साबोक्शी रडत होते.

काल मी हिराबाईकडे जाऊन आले. तुमच्यासमोर दोन शब्द बोलता आले नाहीत, तिथं तर अख्खी भावकी. एसटीतून उतरल्यावर दोनदा माघारी वळले.  हिराबाई शाळेजवळच्या हापशावरून डोक्यावर हंडा घेऊन येत होती. विहीर घरामागं, आणि बाई हापशावरून पाणी आणतेय. कांदा उभा करपलेला. मला पाहून ती थबकली. म्हणाली, "पट्टीवाल्या बाई गेल्या म्हने. लई वाईट झालं. मागं आल्या हुत्या त्या, एकल्याच."

मला हे माहीत नव्हतं. तुम्ही मला न सांगता एसटीनं इतक्या लांब आला होतात. हिराबाईनं सांगितलं, तुम्ही पोपटरावांच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणालात की चूक माझ्या पट्टीची आहे, या बाईची नाही, हिचं पाणी सोडा. पोपटरावांनी विचारलं, "चुकली तर कशानं चुकली ते सांगा की!" आणि तुम्ही म्हणालात, "ते मला अजून कळलेलं नाही." खोटं कारण तुम्हाला सहज देता आलं असतं. तुम्ही दिलं नाहीत. मग ते म्हणाले, "कळंल तवा या." आणि तुम्ही तशाच परत आलात. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन पुन्हा फुल्यांच्या कागदासमोर बसला असाल. मी तिथंच होते.

त्याच ओट्यावर मी बसले. ड्रॉवरमधला फुल्यांचा कागद नेला होता तो उलगडला, माळ सांगितली, भावाचा फवारा सांगितला, काढलेल्या नव्या रेघा दाखवल्या.  पोपटरावांनी त्या फुल्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग माझी गाय कशानं मेली?" मी म्हणाले, "ते मला माहीत नाही. पण या बाईनं पंप विहिरीवर धुतला नव्हता." त्यांनी घसा खाकरला, पोराला हाक मारली आणि म्हणाले, "जा, तिची वायर जोड जा."

हिराबाई दाराशी उभी होती. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, निदान बस तरी म्हणेल. तिनं एवढंच विचारलं, "हे तुमाला कवा कळलं?"

"दोन महिने होऊन गेले."

"आन् दोन महिनं कुठं हुता मंग, बाई?"

मॅडम, तुमच्यासमोरच होते मी. रोज चार वाजता तुमच्या हातात चहा देत होते.